इंदूरच्या हवेत वायूचा प्रवाह मोजताना: दाब, तापमान आणि ओलाव्याची दुरुस्ती

इंदूरमध्ये बसून मोबाइलवर हवामान उघडा. हवेचा दाब १००८, १०१० असा काहीतरी दिसेल. तो आकडा घेऊन शेजारच्या पिथमपूरच्या एखाद्या कारखान्यात वायूच्या प्रवाहाची दुरुस्ती करायला, म्हणजे मीटरचा आकडा ठरलेल्या दाबाला आणि तापमानाला आणून मांडायला बसलात, तर पहिल्याच ओळीत सहा टक्क्यांची चूक झाली म्हणून समजा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि इथल्या हवेचा खरा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. हवामानाच्या ॲपवर दिसतो तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, कारण हवामानवाल्यांना गावागावांची तुलना करायची असते. आपल्याला तुलना करायची नसते. आपल्या पाइपाबाहेर आत्ता किती दाब आहे, एवढंच आपल्याला हवं असतं.

दर जुलैत आमच्याकडे डिप्लोमा झालेली नवी मुलंमुली येतात. वायूचे नियम त्यांना पाठ असतात, पण मीटरसमोर उभं केलं की हात थबकतो. बॉईलनं दाब आणि घनफळाचं नातं १६६२ मध्ये मांडलं, डाल्टननं वायूंच्या मिश्रणातल्या वाट्याच्या दाबाचा नियम १८०१ मध्ये सांगितला. आपलं बरंचसं काम एवढ्यावरच चालतं. अडचण नियमांची नसते. कोणता आकडा कुठे घालायचा, ही खरी अडचण. म्हणून मी ज्या क्रमानं शिकवते, त्याच क्रमानं इथे लिहिते.

पहिली पायरी: कोणता घनमीटर, ते आधी विचारा

वायू दाबला की आक्रसतो, तापवला की फुगतो. त्यामुळे “ताशी १०० घनमीटर” या वाक्याला एकट्याला अर्थ नाही. कोणत्या दाबाला, कोणत्या तापमानाला, ओला की कोरडा, हे सोबत आलं तरच तो आकडा वापरता येतो.

कारखान्यात सगळे “एनएम क्यूब” म्हणतात, म्हणजे नॉर्मल घनमीटर. पण “नॉर्मल” एकच नसतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं नॉर्मल म्हणजे ० अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार. नैसर्गिक वायूच्या बिलातला एससीएम (स्टँडर्ड घनमीटर) म्हणजे १५ अंश आणि १.०१३२५ बार. कॉम्प्रेसरच्या चाचणीत संदर्भाची हवा २० अंश, १ बार आणि पूर्ण कोरडी धरतात. आणि चिमणीतून निघणाऱ्या धुराचे अहवाल आपल्या देशात २५ अंश, पाऱ्याचे ७६० मिलिमीटर आणि कोरड्या वायूवर देतात, तरीही त्याला म्हणतात एनएम क्यूबच!

हा फरक किरकोळ नाही. ० अंशाचा एक घनमीटर १५ अंशाला १.०५५, २० अंशाला १.०७३ आणि २५ अंशाला १.०९२ घनमीटर होतो. दोन खात्यांचे आकडे पाच किंवा नऊ टक्क्यांनी जुळत नसले, की मी मीटरकडे बघण्याआधी दोघांनाही विचारते, “तुमचं नॉर्मल कुठलं?” निम्म्या वेळा भांडण तिथेच मिटतं.

म्हणून कागदावर सर्वांत वर संदर्भ लिहा. ठरलेला नसेल तर ज्याला अहवाल द्यायचा त्याच्याकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनानं धरू नका.

दुसरी पायरी: मीटर नक्की काय मोजतो, ते ओळखा

ही पायरी लोक ओलांडून जातात आणि मग बाकीचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं. दुरुस्तीचं सूत्र वायूवर जितकं अवलंबून असतं, तितकंच मीटरच्या जातीवरही असतं.

टर्बाइन, रोटरी, डायफ्रॅम, व्होर्टेक्स आणि अल्ट्रासॉनिक मीटर प्रत्यक्ष घनफळ मोजतात, म्हणजे त्या क्षणी त्या दाबाला पाइपातून जितके घनमीटर गेले तितके. यांना दाब आणि तापमानाची पूर्ण, सरळ दुरुस्ती लागते.

ओरिफिस (पाइपात बसवलेली भोकाची चकती), व्हेंच्युरी, पिटो आणि रोटामीटर (उभ्या नळीत वरखाली होणाऱ्या फ्लोटचा मीटर) यांचं रीडिंग वायूच्या घनतेवर अवलंबून असतं. यांची दुरुस्ती वर्गमुळात येते. सरळ गुणलंत तर रीडिंग भलतीकडे जातं, ते पुढे आकड्यांनी दाखवते.

थर्मल आणि कोरिओलिस मीटर वस्तुमान मोजतात. त्यांना दाब-तापमानाची दुरुस्ती करायची नसते. सीएनजीच्या पंपावर गॅस किलोत विकतात, कारण तिथल्या मशीनमध्ये वस्तुमान मोजणारा मीटर असतो. थर्मल मीटर मात्र वायूची घडण, म्हणजे त्यात काय काय मिसळलंय, ते बदललं की चुकतो. त्याच्या सेन्सरवर पाण्याचा एक थेंब बसला तरी रीडिंग उसळतं.

मीटरची नावपट्टी वाचा, फोटो काढून ठेवा. त्यावर संदर्भाचा दाब आणि तापमान कोरलेलं असतं. रोटामीटरवर तर ते काचेच्या नळीवरच बारीक अक्षरांत असतं आणि कोणत्या वायूसाठी पट्टी आखली आहे, तेही.

तिसरी पायरी: दाब

इथे थोडं थांबू या, कारण इंदुरात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते. सूत्रात लागतो निरपेक्ष दाब, म्हणजे गेजचा दाब अधिक बाहेरच्या हवेचा दाब. पुस्तकात उदाहरण असतं “गेज अधिक १.०१३”. हे मुंबईत चालेल, आणि बडोद्यातही, कारण बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंच आहे. इंदुरात अधिक ०.९५ करायचं, कारण ९५० मिलिबार म्हणजे ०.९५ बार. समुद्रसपाटीपासून वर येताना दर १०० मीटरला हवेचा दाब साधारण ११-१२ मिलिबार उतरतो, हा अंदाज लक्षात ठेवला की कुठल्याही गावचा आकडा डोक्यात काढता येतो.

ही चूक किती मोठी, ते लाइनच्या दाबावर ठरतं. ७ बार गेजच्या लाइनवर ०.९५ ऐवजी १.०१३ धरलंत तर फरक फक्त ०.८ टक्के. २ बारवर २.१ टक्के. पण ०.२ बारच्या लाइनवर साडेपाच टक्के! म्हणजे दाब जितका कमी, तितकी बाहेरच्या हवेची बाब मोठी. कॅन्टीनच्या शेगडीची गॅस लाइन घ्या. तिथे दाब जेमतेम २१ मिलिबार असतो. निरपेक्ष दाब झाला ९५० अधिक २१, म्हणजे ९७१ मिलिबार, संदर्भाच्या १०१३ पेक्षाही कमी. गॅस ३० अंशाला असला, तर साध्या डायफ्रॅम मीटरवर फिरलेले १० घनमीटर हे १५ अंशाच्या संदर्भाला ९.१ एससीएमच होतात. गेजवर दाब दिसतोय म्हणजे दुरुस्तीनं आकडा वाढेलच, असं मानणाऱ्याला हे पटत नाही. कागदावर करून बघा.

हवेचा दाब मोजायचा कसा? सर्वांत चांगलं म्हणजे मीटरजवळ ठेवलेला, प्रमाणपत्र असलेला बॅरोमीटर. काही मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो. त्याचं थेट रीडिंग खऱ्या दाबाचं असतं आणि तपासणीपुरतं ते चालतं. हवामानाच्या बातमीतला आकडा मात्र नको, कारण वर सांगितलंच. वर्षभरात हा दाब थोडा हलतो, हिवाळ्यात जरा जास्त, पावसाळ्यात जरा कमी. १० मिलिबारचा फरक म्हणजे कमी दाबाच्या लाइनवर एक टक्का. बिलासाठी मोजत असाल तर त्या दिवसाचं रीडिंग घ्या; रोजच्या नोंदीसाठी ०.९५ पुरे.

आणखी दोन गोष्टी. आपल्याकडचे पुष्कळ गेज अजून किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहेत. १ किलो म्हणजे ०.९८१ बार. “दोन किलो”ला दोन बार धरलं की गेजच्या दाबात जवळपास दोन टक्के गेलेच. दुसरं, प्रवाहाच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा गॅस मीटरच्या करेक्टरमध्ये (दुरुस्ती आपोआप करणारी पेटी) “वातावरणाचा दाब” अशी एक सेटिंग असते. कारखान्यातून येताना तिथे बहुधा १.०१३२५ भरलेलं असतं. सेन्सर गेज जातीचा असेल, तर ती सेटिंग इंदूरच्या दाबावर आणावीच लागते. सेन्सरच निरपेक्ष जातीचा असेल तर गरज नाही. माझ्या अनुभवात ही सेटिंग आधी कुणी उघडलेली नसते.

चौथी पायरी: तापमान

सूत्रात केल्विन जातो. सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा. १५ आणि ३८ अंशांचं गुणोत्तर सेल्सिअसमध्ये घेतलंत तर ०.३९ येतं, केल्विनमध्ये ०.९२६. पहिला आकडा निव्वळ चूक आहे आणि तो मी नव्या लोकांच्या वहीत दरवर्षी बघते.

मोजताना वायूचं तापमान मोजा, पाइपाचं नको. मे महिन्यात उघड्यावरच्या पाइपाला दुपारी हात लावता येत नाही. त्यावर बाहेरून थर्मामीटर बांधलात तर उन्हाचं तापमान मिळेल. सेन्सर पाइपाच्या आत जाणाऱ्या नळीत हवा, त्या नळीत थोडं तेल हवं, आणि जागा मीटरच्या पुढे, पाइपाच्या व्यासाच्या पाच ते दहा पट अंतरावर हवी. मीटरच्या आधी लावलात तर सेन्सरनंच प्रवाह विस्कटतो. ३० अंशांच्या आसपास १ अंशाची चूक म्हणजे ०.३३ टक्के. तापमान सांभाळणं दाबापेक्षा सोपं आहे.

पाचवी पायरी: सरळ दुरुस्ती

घनफळ मोजणाऱ्या मीटरसाठी:

संदर्भाचा प्रवाह = मीटरचा प्रवाह × (निरपेक्ष दाब ÷ संदर्भ दाब) × (संदर्भ तापमान ÷ वायूचं तापमान)

नायट्रोजनच्या लाइनवर रोटरी मीटर ताशी १२० घनमीटर दाखवतोय. गेज २ बार, वायू ३८ अंश. अहवाल ० अंश आणि १.०१३२५ बारवर हवा.

निरपेक्ष दाब २ + ०.९५ = २.९५ बार. दाबाचं गुणोत्तर २.९५ ÷ १.०१३२५ = २.९११. तापमानाचं गुणोत्तर २७३.१५ ÷ ३११.१५ = ०.८७८. उत्तर १२० × २.९११ × ०.८७८, म्हणजे ताशी ३०६.७ नॉर्मल घनमीटर. हवेचा दाब १.०१३ धरला असता तर ३१३.३ आले असते. साडेसहा घनमीटर नायट्रोजन फक्त कागदावर वाढला असता.

उत्तर लिहिण्याआधी एकदा अंदाजानं तपासा. जवळपास तीन बारचा वायू एक बारला आणला, म्हणजे तिपटीच्या थोडं खाली. तापमान संदर्भापेक्षा जास्त, म्हणजे आणखी थोडं खाली. अडीचपट. जुळलं.

सहावी पायरी: वर्गमुळाची दुरुस्ती

रोटामीटर घ्या. पट्टी हवेसाठी आखलेली, २० अंश आणि १.०१३ बारवर. तुम्ही तो ३ बार गेज आणि ३५ अंशांवर वापरताय, आणि फ्लोट १० नॉर्मल घनमीटरवर उभा आहे.

दाबाचं गुणोत्तर ३.९५ ÷ १.०१३२५ = ३.८९८. तापमानाचं २९३.१५ ÷ ३०८.१५ = ०.९५१. गुणाकार ३.७०९, त्याचं वर्गमूळ १.९२६. म्हणजे खरा प्रवाह ताशी १९.३ नॉर्मल घनमीटर, तोही पट्टीच्याच संदर्भाला. वर्गमूळ विसरलात तर ३७.१ लिहाल, जवळपास दुप्पट.

इथे एक बारकावा आहे, तो कुठल्या तक्त्यात नसतो. दाब फ्लोटजवळचा हवा. प्रवाह कमीजास्त करायचा सुईचा व्हॉल्व्ह रोटामीटरच्या आधी असेल आणि पुढे मोकळी हवा असेल, तर फ्लोटजवळ दाब जवळपास बाहेरचाच असतो, मग आधीच्या रेग्युलेटरवर ३ बार का असेना. व्हॉल्व्ह रोटामीटरनंतर असेल तर फ्लोटजवळ लाइनचा पूर्ण दाब असतो. दोन्ही मांडण्या मी एकाच प्रयोगशाळेत शेजारीशेजारी पाहिल्या आहेत, आणि दोन्हींना एकच गुणक लावला होता.

वायू बदलला तरी वर्गमूळच. हवेची पट्टी आर्गॉनला वापरली तर रेणुभाराच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, २८.९६ ÷ ३९.९५ चं, ०.८५ येतं. वेल्डिंगवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. पट्टीवर दिसतो त्यापेक्षा आर्गॉन १५ टक्के कमी जातो.

ओरिफिसचंही तेच. डिझाइनच्या कागदावरचा दाब आणि तापमान घ्या, आजचा दाब आणि तापमान घ्या, गुणोत्तर करा, वर्गमूळ घ्या. डिझाइनच्या कागदात हवेचा दाब किती धरला होता तेही बघा.

सातवी पायरी: ओलावा

पावसाळ्यात इंदुरात पोह्यांवरची शेव पाच मिनिटांत सादळते. शेव ओढते ते पाणी हवेतच असतं, आणि कॉम्प्रेसरही ते हवेबरोबर ओढतो. मीटर त्याला हवा म्हणूनच मोजतो.

डाल्टनचा नियम इथे कामाला येतो. एकूण दाबातून पाण्याच्या वाफेच्या वाट्याचा दाब वजा केला की कोरड्या हवेचा दाब उरतो. वाफेचा दाब म्हणजे त्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब (हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेचा दाब) गुणिले सापेक्ष आर्द्रता. संपृक्त बाष्पदाब मिलिबारमध्ये असा: १० अंशांना १२.३, २० ला २३.४, २५ ला ३१.७, ३० ला ४२.४, ३५ ला ५६.२, ४० ला ७३.८. दर दहा अंशांना तो जवळजवळ दुप्पट होतो, म्हणून थंडीत ओलावा विसरला तर फारसं बिघडत नाही आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात बिघडतं. ३० अंशांवर आर्द्रतेत १० टक्क्यांची चूक झाली तर प्रवाहात सुमारे ०.४५ टक्क्यांची होते. १० अंशांवर ०.१३ टक्क्यांची.

सूत्र तेच, फक्त निरपेक्ष दाबातून वाफेचा दाब आधी वजा करायचा.

आता एकच कॉम्प्रेसर वर्षभर बघू. तो ताशी ६०० घनमीटर हवा आत ओढतो, साधारण ३५३ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). संदर्भ ० अंश, १.०१३२५ बार, कोरडी हवा.

जानेवारीची पहाट: १० अंश, आर्द्रता ६० टक्के, हवेचा दाब ९५३ मिलिबार. वाफ ७.४ मिलिबार. उत्तर ५४० नॉर्मल घनमीटर.

मेची दुपार: ४२ अंश, १५ टक्के, ९४८ मिलिबार. ४२ अंशांचा बाष्पदाब ८२, म्हणून वाफ १२.३ मिलिबार. उत्तर ४८०.

ऑगस्ट: २८ अंश, ८५ टक्के, ९४५ मिलिबार. २८ अंशांचा बाष्पदाब ३७.८, वाफ ३२ मिलिबार. उत्तर ४९०.

बघा, ऑगस्टची हवा मेपेक्षा १४ अंशांनी गार आहे, तरी कोरडी हवा फक्त १० घनमीटरनं वाढली. उरलेला फायदा कमी दाबानं आणि ओलाव्यानं खाल्ला.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला याच कारणासाठी बोलावलं होतं. जानेवारीत बसवलेला कॉम्प्रेसर मेमध्ये “अकरा टक्के कमी हवा देतो” म्हणून पुरवठादाराशी पत्रापत्री सुरू होती, पैसे अडकले होते. आत जाणाऱ्या हवेचं घनफळ मी मोजलं, ते पहिल्या दिवशी होतं तितकंच होतं. कॉम्प्रेसर घनफळ ओढतो, वजन ओढत नाही. ५४० वरून ४८० वर येणं म्हणजे बरोबर अकरा टक्के, आणि ते उन्हानं केलं होतं. तिथल्या एका तरुण सुपरवायझरनं विचारलं, “ताई, मग आम्ही सहा महिने भांडलो ते कशासाठी?” त्या मुलाचा चेहरा मला आठवतो. कुणी त्याला ही तीन ओळींची आकडेमोड दाखवली असती तर तो भांडला नसता.

ओलाव्याची दुसरी गंमत दाबल्यानंतर सुरू होते. ऑगस्टची हवा ८ बार निरपेक्ष दाबाला नेऊन ४० अंशांपर्यंत गार केली, तर तिच्यात जास्तीत जास्त ७३.८ मिलिबार वाफ राहू शकते, म्हणजे ०.९ टक्के. आत येताना ती ३.४ टक्के होती. बाकीचं पाणी होऊन खाली येतं, या कॉम्प्रेसरला ताशी जवळपास १० लिटर. म्हणून आत जाणारी ओली हवा आणि बाहेर येणारी हवा यांचे नॉर्मल घनमीटर तसेच जुळवायला गेलात तर अडीच टक्के हरवल्यासारखे वाटतील. ते हरवलेले नसतात. ड्रेनच्या बादलीत असतात. दोन्हीकडे कोरड्या हवेवर हिशोब करा, जुळेल.

प्रयोगशाळेत साबणाच्या बुडबुड्यानं प्रवाह मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. कोरडा वायू ओल्या नळीत शिरला की वाटेतच वाफेनं संपृक्त होतो आणि फुगतो. २५ अंशांवर, इंदूरच्या दाबाला, ही वाढ साधारण ३.५ टक्के. म्हणून तिथे आर्द्रता मोजायची गरज नाही. ती १०० टक्के धरून वाफेचा दाब वजा करायचा.

आणि जिथे ओलावा मोजायची गरज नाही तिथे उगाच मोजू नका. ड्रायरनंतरची इन्स्ट्रुमेंट एअर (उपकरणं चालवायला वापरतात ती वाळवलेली हवा), सिलिंडरमधला नायट्रोजन, पाइपातून येणारा नैसर्गिक वायू, हे कामापुरते कोरडेच असतात.

चिमणीचा धूर

यात सगळं एकत्र येतं. बॉयलरच्या चिमणीत पिटोनं प्रत्यक्ष प्रवाह ताशी १०,००० घनमीटर मिळाला. धूर १५० अंश, चिमणीतला दाब ९४८ मिलिबार, ओलावा घनफळाच्या ८ टक्के. अहवाल २५ अंश, १.०१३२५ बार, कोरड्या वायूवर.

१०,००० × (०.९४८ ÷ १.०१३२५) × (२९८.१५ ÷ ४२३.१५) × ०.९२ = ६,०६५.

इथे चूक झाली तर ती कायद्याच्या मर्यादेपर्यंत जाते, कारण धुळीचं प्रमाण याच घनफळानं भागून निघतं. कुणी ० अंशाचा संदर्भ धरला तर घनफळ ५,५५६ येतं आणि तीच धूळ ९ टक्क्यांनी जास्त दिसते. ओलावा विसरला तर ती ८ टक्क्यांनी कमी दिसते. दोन चुका एकत्र झाल्या की आकडा जवळपास बरोबर येतो, आणि ही सर्वांत वाईट अवस्था, कारण मग कुणालाच शंका येत नाही.

दुहेरी दुरुस्ती

एका ठिकाणी हवेच्या मुख्य लाइनवर ओरिफिस होता. कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर दाब-तापमानाची दुरुस्ती करूनच आकडा दाखवत होता. शिफ्टच्या तक्त्यात मात्र जुन्या काळचा १.०४ चा गुणक शिल्लक होता, आणि प्रत्येक शिफ्ट इमानदारीनं तो लावत होती. चार टक्के हवा रोज “गायब” व्हायची. आम्ही दोन रात्री साबणाचं पाणी घेऊन जोड तपासत फिरलो, दोन-तीन बारीक गळत्या सापडल्याही, पण चार टक्के काही भरून निघेनात. शेवटी तक्ता उघडून बघितला.

म्हणून गुणक लावण्याआधी विचारा, स्क्रीनवरचा आकडा कच्चा आहे की दुरुस्त केलेला? खात्री करायची सोपी रीत अशी: कामाची परवानगी घेऊन, प्रवाह स्थिर असताना दाबाच्या सेन्सरचा आकडा थोडा वेळ हातानं बदलून बघा. प्रवाहाचा आकडा हलला तर दुरुस्ती आधीच होते आहे. किती हलला त्यावरून ती सरळ आहे की वर्गमुळाची, तेही कळतं.

जास्त दाब असेल तर

वर सगळीकडे वायू आदर्श, म्हणजे नियम तंतोतंत पाळणारा, धरला आहे. हवा आणि नायट्रोजन ७-८ बारपर्यंत तसे वागतात. चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. कार्बन डायऑक्साइड मात्र ८ बारलाच सुमारे चार टक्के जास्त भरतो, आणि नैसर्गिक वायू २० बारला ३ ते ५ टक्के. तिथे दुरुस्त प्रवाहाला संपीड्यता गुणकानं, म्हणजे खरा वायू आदर्श वायूपासून किती ढळतो ते सांगणाऱ्या आकड्यानं, भागावं लागतं. हा गुणक १ पेक्षा कमी असतो, म्हणून भागल्यावर आकडा वाढतो. वायूच्या घटकांवरून तो काढायचं काम करेक्टरमधला प्रोग्राम करतो. तुमचं काम त्यात ताजे घटक भरलेले आहेत ना, हे बघण्याचं.

नोंद कशी ठेवायची

वहीत फक्त उत्तर लिहू नका. कच्चं रीडिंग, गेजचा दाब, हवेचा दाब, वायूचं तापमान, ओलावा, आणि मग संदर्भ आणि उत्तर. आमच्या वहीतली एक ओळ अशी असते:

“रोटरी मीटर, नायट्रोजन. कच्चं १२० घनमीटर प्रति तास. गेज २.०० बार, बॅरोमीटर ०.९५० बार, वायू ३८ अंश, कोरडा. संदर्भ ० अंश, १.०१३२५ बार. दुरुस्त ३०६.७. स्क्रीनवर दुरुस्ती नाही, तपासलं.”

पुढे कधी संदर्भ बदलला, कुणी गुणकावर शंका घेतली किंवा बॅरोमीटर दोन मिलिबारनं चुकत होता असं कळलं, तर या ओळीवरून दुसऱ्या कुणालाही नवं उत्तर काढता येतं. नुसतं “३०६.७” लिहिलेलं असेल तर त्या दिवसाची हवा परत आणता येत नाही.